दारू आणि मेंदू: नववीला कसं शिकवावं?

विज्ञानाच्या बाई, बीड
दारूचा मेंदूवर होणारा परिणाम नववीला शिकवायचाय. बऱ्याच लेकरांचे आईबाप ऊसतोडीला जातात, काहींच्या घरात रोजचं पिणं आहे. मागच्या वर्षी आठवीला असताना याच वर्गात मी 'दारुडा वायाच जातो' असं बोलून गेले. तिसऱ्या बाकावरची एक पोरगी वहीचा कोपरा फाडत बसली, तास संपेपर्यंत तिनं वर बघितलं नाही. तसं परत व्हायला नको. कुणी हा विषय घेतलाय का? प्रोजेक्टर बंद आहे.

गोदाकाठचा मास्तर, परभणी
ताई, पिणाऱ्याबद्दल बोलूच नका, मेंदूबद्दल बोला. फळ्यावर मेंदू काढा. कपाळामागचा भाग माणसाला आवर घालतो. तो सुस्तावला की तोंड सुटतं, हात उठतो. मागचा लहान मेंदू तोल राखतो, म्हणून झोकांड्या. आठवणी साठवायचं काम थांबलं की माणूस बोलतो-चालतो, पण सकाळी त्याला खरंच काही आठवत नाही. हे ऐकून एका पोरानं विचारलं, "म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते?" मी म्हणालो, नव्हते, पण मारलं ते चूकच, अन् त्यात तुझा काही दोष नाही.

प्रयोगाला ३० सेंमीची पट्टी पुरते. एकानं सोडायची, दुसऱ्यानं चिमटीत धरायची. दारूनं हीच चपळाई कमी होते. मग मैदानावर चला. ताशी ६० किमीची मोटारसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, ब्रेक ०.३ सेकंद उशिरा दाबला तर ५ मीटर पुढं. टेपनं मोजून फक्कीची रेघ मारा.

सिस्टर, लातूर
बाई, दोन गोष्टी नक्की सांगा. लिंबू, ताक, गार पाण्याची अंघोळ यांनी उतरत नाही. यकृत आपल्याच गतीनं काम करतं. पिऊन बेशुद्ध पडलेल्याला उताणं ठेवू नये, उलटी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवायचं अन् १०८ ला फोन.

अजून एक. लेकरं घरी जाऊन दारूच्या बाटल्या ओतून टाकतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरतात, भास होतात, फिटसुद्धा येते. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू उलटा जोर लावायला शिकलेला असतो. दाब गेला की तो उसळतो. म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्यावर लिहा, मराठीत बोलता येतं.

विज्ञानाच्या बाई, बीड
बाटल्या ओतण्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, सिस्टर. सोमवारी पट्टीपासून सुरू करते. पहिल्यांदा पट्टी त्या पोरीच्या हातात देते.