सूत्राने वर्गसमीकरण सोडवताना चिन्हं उलटी येतायत, कुठे चुकतंय?

शून्यापासून:
३क्ष² − ५क्ष − २ = ० हे सूत्राने सोडवतोय, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ वालं. माझी उत्तरं −१ आणि −२/३ येतायत आणि पुस्तकात २ आणि −१/३ दिलंय. कॅल्क्युलेटरवर −५² − ४×३×(−२) टाकून बघितलं तर चक्क −१ येतं, म्हणजे पुढे वर्गमूळच काढता येत नाही. एकाच गणिताची तीन वेगवेगळी उत्तरं कशी काय? प्लीज कोणीतरी सांगा.

त्रिज्या:
तू ब = ५ आणि क = २ घेतलंयस. चिन्ह सहगुणकाचंच असतं, ते सोडून नुसता आकडा उचलायचा नाही, म्हणजे अ = ३, ब = −५, क = −२. तुझी उत्तरं बरोबरच आहेत पण ३क्ष² + ५क्ष + २ = ० ची, टाकून बघ. आता नीट केलं तर विवेचक, म्हणजे वर्गमूळाच्या आतलं ब² − ४अक, २५ + २४ = ४९, आणि −ब म्हणजे +५, म्हणून (५ ± ७)/६, की झालं २ आणि −१/३.
कॅल्क्युलेटरचं म्हणशील तर त्याने आधी ५ चा वर्ग केला आणि मग वजा लावला, −२५ आले. ऋण संख्या नेहमी कंसात टाक, (−५)² असं. आणि भागिले २अ हे वरच्या सगळ्याला लागतं, नुसत्या वर्गमूळाला नाही, तिथेही बरेच जण घसरतात.

अवयवप्रेमी:
वरचं सगळं बरोबर, पण मला वाटतं सूत्र येतं कुठून ते एकदा हाताने केल्याशिवाय चिन्हांची भीती जात नाही. श्रीधराचार्यांची रीत बघ, भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या आपल्या ग्रंथात त्यांच्याच नावाने दिलीय. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणायचं आणि ब² मिळवायचा. तुझ्या गणितात ४अ = १२, म्हणून
३६क्ष² − ६०क्ष = २४
दोन्हीकडे २५ मिळव, डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो,
(६क्ष − ५)² = ४९
म्हणजे ६क्ष − ५ हे +७ किंवा −७. ± कुठून आलं ते इथे दिसतंच, आणि अपूर्णांक शेवटच्या पायरीपर्यंत येतच नाहीत, किती सुंदर आहे हे! उजवीकडे जे ४९ आले तोच विवेचक.
पडताळा घ्यायची सवयही लाव. मुळांची (म्हणजे क्ष च्या उत्तरांची) बेरीज −ब/अ, गुणाकार क/अ. २ आणि −१/३ ची बेरीज ५/३, गुणाकार −२/३, जुळलं. तुझ्या आधीच्या उत्तरांची बेरीज −५/३ येत होती, तिथेच कळलं असतं.

शून्यापासून:
आत्ता कळलं, खूप खूप थँक्स दोघांना! १२ ने गुणायची रीत तर भारीच आहे. पण पुढचं गणित २क्ष² − ३क्ष + ५ = ० आहे, त्यात कंस टाकूनही ९ − ४० = −३१ येतंय. इथे पण माझंच चुकतंय का?

त्रिज्या:
नाही, हे बरोबर आहे. विवेचक ऋण आला की वास्तव मुळं नसतात, आलेख क्ष-अक्षाला कुठेच टेकत नाही. गणितात वास्तव मुळंच विचारली असतील तर तेवढं लिहून थांब, संमिश्र संख्या झाल्या असतील तर (३ ± √(−३१))/४ असं पुढे ने.