प्रति: झटपट कामाला पायथन, टिकाऊ कामाला जावा?

कोणत्या कामाला कोणती प्रोग्रामिंग भाषा घ्यावी, यावर इथे कुणीतरी दिलेला ‘झटपट कामाला पायथन, टिकाऊ कामाला जावा’ हा सल्ला तसा पटतो. पण काम झटपट आहे की टिकाऊ, हे सुरुवातीला कळतं कुणाला?

२०१४ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डिस्पॅचसाठी मी पायथन २ मध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, खरडली होती. कास्टिंगची संख्या घ्यायची, भरलेल्या पेट्या किती ते काढायचं, लेबल छापायचं. आठवडाभर चालवू, मग नीट करू, असं ठरलं. सात वर्षं चालली! २०२१ मध्ये कॉम्प्युटर बदलला, नव्यावर पायथन ३. (पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपलेला.) पायथन ३ मध्ये प्रिंट या आज्ञेला कंस लागतात, ते नाहीत म्हणून स्क्रिप्ट लगेच अडकली. ते बरं, निदान बोंब तरी मारली. कंस घातले, चालू झाली. पण कास्टिंग २५०, एका पेटीत ४०, तर २५० भागिले ४० चं उत्तर पायथन २ मध्ये ६ यायचं, आता ६.२५ आलं आणि तसंच गुपचूप छापलं गेलं. डिस्पॅचचे मामा लेबल घेऊन हजर: “काय रं भावा, पाव पेटी कुठनं आणू?” भागाकाराला एकाऐवजी दोन तिरप्या रेघा दिल्या, म्हणजे अपूर्णांक गळून पुन्हा ६ च येतं, मिटलं.

तेव्हापासून मी आधी बघतो, ती भाषा जुना कोड सांभाळते का. गो या भाषेने २०१२ च्या १.० आवृत्तीपासून तसं वचन दिलंय आणि बऱ्यापैकी पाळलंय. नुसती फाइलींची नावं बदलायची असतील तर मात्र बॅश, म्हणजे लिनक्सवर कमांड टाइप करायची भाषा. त्यासाठी जावात अख्खा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे रंकाळ्यावर भेळ खायला ट्रक काढणं.

ती स्क्रिप्ट अजून चालूच आहे, बरं का.