बेस६४ केलं म्हणजे लपलं का?

अर्धविराम:
एका पोस्टवर सल्ला वाचला: "क्वेरी स्ट्रिंगमधून डेटा पाठवायचा तर बेस६४ करा. वरून एचटीटीपीएस आहेच, बिनधास्त राहा." (क्वेरी स्ट्रिंग म्हणजे यूआरएलमधला '?' नंतरचा भाग.) खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. एका ओळीत उत्तर मावेना, म्हणून हा प्रपंच.

बेस६४ म्हणजे डेटा ठरावीक ६४ चिन्हांत लिहायची पद्धत. ते कुलूप नाही, नुसतं वेषांतर आहे. किल्ली लागतच नाही. 'ऑर्डर=४१' उलगडा, ४२ करा, पुन्हा गुंडाळा, पाठवा. ही ऑर्डर लॉगिन केलेल्याचीच आहे ना, हे सर्व्हर तपासत नसेल तर दुसऱ्याची ऑर्डर समोर हजर. आणि तपासत असेल तर साधं ४१ उघड्यावर असल्याने काय बिघडतं? एचटीटीपीएसमुळे वाटेत क्वेरी दिसत नाही, मान्य. पण पोचल्यावर ती ॲक्सेस लॉगमध्ये अक्षरन् अक्षर उतरते, ब्राउझरच्या हिस्टरीत बसते, लॉगच्या बॅकअपमध्येही जाते. पासवर्ड तिथे ठेवणार?

पोस्टमास्तर:
एवढा काथ्याकूट कशाला? सगळं पोस्टने, म्हणजे यूआरएलऐवजी रिक्वेस्टच्या बॉडीतून पाठवा, विषय संपला. तसंही ॲपाची या वेब सर्व्हरची रिक्वेस्टची ओळ मुळात ८१९० बाइटांवर अडते, पुढे ४१४ ('यूआरएल फार लांब') ही एरर. देवनागरी तर आणखी महाग. यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाचे ३ बाइट, प्रत्येक बाइटचे % धरून ३ वर्ण. 'शोध' (श, ओकार, ध) हा एवढासा शब्द क्वेरीत २७ वर्णांचा होतो.

सरळवाट:
असहमत. शोध, फिल्टर, पान क्रमांक हेही पोस्टने? मग रिफ्रेश केलं की 'फॉर्म पुन्हा पाठवू का' ही पाटी, लिंक कुणाला देता येत नाही, कॅशच्या नावाने शंख. आणि पोस्टची बॉडी डेव्हटूल्समध्ये बदलायला क्वेरीइतकाच वेळ लागतो, ती काही तिजोरी नाही. पोस्ट हवंच, पण जिथे काही बदलतं तिथे. 'डिलीट'ची साधी लिंक ठेवलीत तर क्रॉलर (साइटी चाळत फिरणारे बॉट) आणि मेलमधल्या लिंका तपासणारे स्कॅनर माणसाच्या आधी ती उघडून मोकळे होतात.

पोस्टमास्तर:
पासवर्ड रीसेटचं टोकन, म्हणजे मेलमधल्या लिंकेतला तो गुप्त कोड, मग? ते तर लिंकमध्येच जातं. 'यूआरएलमध्ये गुपित नको' म्हणणारे धागाकर्ते इथे गप्प का?

अर्धविराम:
गप्प कुठे? जातंच ते. म्हणूनच ते एकदाच चालावं, अर्ध्या तासात मरावं, डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश (ज्यातून मूळ टोकन परत मिळत नाही असा ठसा) असावा आणि त्या पानावर रेफरर पॉलिसी 'नो-रेफरर' असावी, म्हणजे पुढच्या साइटला या पानाचा पत्ता कळत नाही. आणि लिंक उघडताक्षणी टोकन बाद करू नका, वर सांगितलेला स्कॅनरच ते जाळून टाकतो. नवा पासवर्ड पोस्ट झाला की मगच बाद करा.

काकदृष्टी:
रेफररचा बागुलबुवा जुना झाला. आताचे ब्राउझर काही वेगळं सांगितलं नसेल तर परक्या साइटला फक्त ओरिजिन (साइटचं नाव, पुढचा पत्ता नाही) कळवतात. पण पानावर आपणच चिकटवलेली ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट अख्खा पत्ता वाचून घरी पाठवते, तिचं काय?

बाकी_शून्य:
धाग्याला +१.

तिरकस:
हे '+१' तसंच क्वेरीतून पाठवलंत तर पलीकडे ' १' पोचेल.

बाकी_शून्य:
(अवांतर) तो दोष १९९५ च्या एचटीएमएल २.० मधल्या फॉर्म एनकोडिंगचा. यूआरएलचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ३९८६ मध्ये + म्हणजे स्पेस असं कुठेही नाही. स्पेससाठी %२० लिहा, लोढणं सोडा.

तिरकस:
आरएफसीने पोट भरत नाही. पीएचपी घ्या, ब्राउझरमधलं यूआरएलसर्चपॅराम्स घ्या, क्वेरीतल्या + चा स्पेसच करतात. उलट जावास्क्रिप्टचं डीकोडयूआरआयकॉम्पोनंट + ला हातही लावत नाही, म्हणून पीएचपीच्या यूआरएलएनकोडने बांधलेलं 'लाल+शाई' तिकडे तसंच दिसतं. फोन नंबर, ईमेल, तुमचं ते लाडकं बेस६४, सगळ्यांत खरा + असतो. तो %२बी करून पाठवला नाही की गेला.

बाकी_शून्य:
म्हणजे मी म्हणतोय तेच, फक्त खेकसून. %२० दोन्हीकडे कळतं की नाही?

तिरकस:
कळतं. हो. झालं समाधान? पण जे लोक जावास्क्रिप्टचं एनकोडयूआरआय वापरून 'केलं एनकोड' म्हणतात त्यांना आधी आवरा. ते &, =, + आणि # तसेच सोडतं. 'शाई & कागद' पाठवलं की पलीकडे 'शाई ' उरते. किंमत एकेकटी एनकोडयूआरआयकॉम्पोनंटमधून काढायची, अख्खी यूआरएल नाही.

अर्धविराम:
अवांतर म्हणता म्हणता मुद्द्यावर आलात. क्वेरी कुणी बदलू नये म्हणून सही जोडायची तर हीच कटकट. एकीकडे स्पेसचा +, दुसरीकडे %२०, की एचमॅक (गुप्त किल्लीने काढलेली सही) जुळत नाही. पीएचपीचं रॉयूआरएलएनकोड !, *, ', (, ) यांना गुंडाळतं, जावास्क्रिप्टवालं तसंच सोडतं, पुन्हा बोंब. म्हणून सही डीकोड केलेल्या किमतींवर करा: नावं क्रमाने लावा, मुदतीची वेळ आत घाला, प्रत्येक भागाची लांबी आधी लिहा, तुलना पीएचपीच्या हॅशइक्वल्सने. किल्लीला मजकूर जोडून नुसता शा२५६ हॅश काढू नका, किल्ली माहीत नसतानाही त्याला शेपूट जोडता येतं.

सरळवाट:
आणि गेटमधून, म्हणजे क्वेरीतून, आलेलं पुन्हा डीकोड करू नका! पीएचपी ते आधीच करून देतं. '%२बी' असा मजकूर कुणी मुद्दाम लिहिला तर दुसऱ्या फेरीत त्याचा + होतो. उलट बाजूला दोनदा एनकोड केलं की %२५२०, आणि नावात टक्के दिसतात म्हणून डेटाबेसला शिव्या.

काकदृष्टी:
एकच नाव दोनदा आलं तर? 'आयडी=४१&आयडी=४२'. पीएचपी शेवटचं घेतं, जावा सर्व्हलेटचं गेटपॅरामीटर पहिलं. पुढचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) एक तपासतो, मागचं ॲप दुसरं वापरतं.

अर्धविराम:
हे माझ्याकडून सुटलं होतं. अपेक्षा एकाची असताना दुसरं आलं की ४०० ('चुकीची रिक्वेस्ट') देऊन परत पाठवायचं.

पोस्टमास्तर:
बरं, फिल्टर गेटने. पण पानावर तीनशे चेकबॉक्स ठेवणाऱ्यांनी ४१४ आला की माझी आठवण काढायची.

तिरकस:
+१. सॉरी, %२बी१.