मदत हवी आहे : ठोकळ्यांचे साखळी-यंत्र पाचव्या मॉड्यूलपाशी तुंबते

ठोकळेबाज :

नमस्कार मंडळी,

सांगली, मिरज, कुपवाड आणि तासगाव येथील आम्ही नऊ छंदिष्ट गेल्या पावसाळ्यापासून लेगोच्या ठोकळ्यांचे एक लांबलचक यंत्र बनवीत आहोत. छंदिष्टांच्या जगात ‘ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन’ किंवा नुसते ‘जीबीसी’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आहे. स्टीव्ह हॅसनप्लग आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी त्याचे नियम घालून दिले आणि जगभरचे लोक आजही त्याच मापांवर काम करतात. प्रत्येकाने आपल्या घरी एक-दोन मॉड्यूल, म्हणजे यंत्राचे सुटे भाग, बनवायची, नंतर सर्वांची एका रांगेत जोडायची, आणि टोपलीत पडलेला १४ मिलिमीटर व्यासाचा चेंडू उचलून, फिरवून, घरंगळवून शेजाऱ्याच्या टोपलीत टाकायचा. शेवटचे मॉड्यूल तो चेंडू पहिल्याकडे परत पाठविते. डॉमिनोची रांग एकदाच पडते. हे यंत्र बंद करेपर्यंत चालत राहते, निदान राहायला हवे.

टोपलीचे माप आम्ही काटेकोर पाळले आहे : बाहेरून १० बाय १० स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे), आतून ८ बाय ८ स्टड, उंची १० ठोकळे. एका स्टडचे अंतर ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर धरली, तर टोपलीचे तोंड ६४ मिलिमीटरचे आणि उंची ९६ मिलिमीटर होते. दर सेकंदास सरासरी एक चेंडू घेता आला पाहिजे, हा नियमही प्रत्येकाने घरी घड्याळ लावून तपासला आहे.

अडचण अशी आहे की चौदा मॉड्यूल जोडून यंत्र सुरू केले की बारा ते पंधरा मिनिटांत पाचव्या मॉड्यूलची टोपली काठोकाठ भरते आणि चेंडू टेबलावरून थेट फरशीवर उड्या मारू लागतात. पाचवे मॉड्यूल मिरजेच्या आमच्या एका मित्राचे आहे. त्याने ते एकट्याने चालवून दाखविले, तेव्हा एका मिनिटात ६७ चेंडू पुढे गेले, म्हणजे दोष त्याचा दिसत नाही. चौथे मॉड्यूल तासगावच्या शिक्षकांचे असून त्यात एक बादली भरते आणि पूर्ण भरल्यावर उलटते. काहींचा संशय तिच्यावर आहे. पहिल्या जोडणीच्या वेळी ३०० चेंडूंवर आम्ही पाच-सहा मिनिटेच यंत्र चालविले होते. त्यावेळी काही मॉड्यूल मधूनच रिकामी दिसत, म्हणून पाहणाऱ्यांना चेंडू सतत दिसावेत या हेतूने आम्ही ते ४०० केले. आता सर्वांची मोटार चार्जेबल सेलवर चालते, कारण दर रविवारी नवे सेल घेणे परवडत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत विश्रामबागेतील एका शाळेच्या सभागृहात हे यंत्र दोन दिवस मांडायचे ठरले आहे. तुंबण्याचे मूळ नेमके कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे हे, कोणाचेही मन न दुखविता, कसे शोधावे? (आमच्या गटात प्रत्येकाचे मॉड्यूल निर्दोष आहे, अशी प्रत्येकाची खात्री आहे.) शिवाय सभागृहातील टेबले एका उंचीची नाहीत, त्याचाही काही उपाय असल्यास सांगावा.

कुपवाडचा फिटर :

आपण सर्व मोजमापे दिलीत, परंतु घरी केलेली मोजणी कोणत्या सेलवर केली होती, ते लिहिले नाही. माझा तर्क असा आहे की घरी साधे, नवे सेल होते आणि जोडणीच्या दिवशी चार्जेबल. बॅटरीच्या डब्यात सहा पेन्सिल सेल बसतात. साधा नवा सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे एकूण ९ व्होल्ट. चार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण ७.२ व्होल्ट. या प्रकारच्या मोटारीचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो थेट आठ-दशांश होतो, आणि ओझे असेल तर त्याहूनही थोडा खाली येतो. मिरजेच्या मित्राचे ६७ चेंडू त्या हिशेबाने ५३ किंवा ५४ होतात. त्याचे मॉड्यूल घरी निर्दोष होते आणि आपल्या टेबलावर संथ आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, तेव्हा कोणाचे मन दुखण्याचे कारण नाही.

आता बारा मिनिटांचा हिशेब पाहा. टोपलीत मिनिटाला ६० चेंडू येतात आणि ५४ बाहेर जातात, तर मिनिटाला सहा साठतात. तोंडाचे माप आणि उंची पाहता सपाट तळाच्या टोपलीत दीडशेच्या आसपास चेंडू मावावेत, पण चेंडू एका कोपऱ्यात घरंगळावेत म्हणून आपण तळ उतरता करता आणि उचलयंत्राचा काही भागही आत येतो, म्हणून मी निम्मे, म्हणजे ७५ धरतो. पंच्याहत्तर भागिले सहा म्हणजे साडेबारा मिनिटे. आपले निरीक्षण यापासून फार दूर नाही.

चौथ्या मॉड्यूलची बादली मात्र तपासून घ्या. एका वेळी जास्तीत जास्त ३० चेंडू सोडावेत, असा संकेत आहे. त्याहून जास्त एकदम पडले तर पुढच्या टोपलीचा जीव घाबरतो.

टेबलांसाठी गवंड्याची पाणसळ आणि पुठ्ठ्याचे तुकडे एवढेच पुरते. दोन टेबलांच्या सांध्यावर मॉड्यूल ठेवू नका. सांधा नेहमी दोन मॉड्यूलच्या मध्ये येऊ द्या, म्हणजे चढउतार झालाच तर चेंडू पडण्याच्या उंचीत तो जिरतो. उतार असलेल्या घसरगुंडीचे मॉड्यूल आपण घरच्या सपाट टेबलावर बसविलेले असते, आणि सभागृहात टेबल जराही उलट कलले की मंद उतारावर चेंडू मध्येच थांबतात.

वाळवा तालुका :

वरील प्रतिसाद योग्यच आहे, परंतु त्यात एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. पाचव्याचा वेग वाढविला, तर उद्या अकरावे तुंबेल, कारण चौदांपैकी कोणते ना कोणते मॉड्यूल सर्वांत संथ असणारच. तुमचे यंत्र बंद वर्तुळाचे आहे. नवे चेंडू बाहेरून येत नाहीत. अशा यंत्रात सगळी साखळी शेवटी सर्वांत संथ मॉड्यूलच्या वेगाने चालू लागते, आणि जादा झालेला प्रत्येक चेंडू त्याच एका टोपलीत येऊन बसतो. म्हणून खरा प्रश्न वेगाबरोबरच चेंडूंच्या संख्येचाही आहे.

आमच्या भागात हे समजावून सांगणे सोपे जाते. साखर कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. त्या दिवशीच्या तोडीला गाड्या जास्त लावल्या म्हणून गाळप वाढत नाही. फक्त वजनकाट्याबाहेरची रांग गावापर्यंत येते. तुम्ही ३०० चे ४०० केलेत, तेव्हा नेमके तेच केलेत.

संख्या ठरविण्याचा नियम अगदी सोपा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला, आणि रांगांचा अभ्यास करणारे तो रोज वापरतात : व्यवस्थेत एका वेळी असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे त्या येण्याचा वेग गुणिले प्रत्येक वस्तूला आत लागणारा सरासरी वेळ. सर्व टोपल्या जवळजवळ रिकाम्या असताना एक वेगळ्या रंगाचा चेंडू पहिल्या टोपलीत टाका आणि तो फेरी पूर्ण करून परत येईपर्यंतचा वेळ मोजा. बादलीत तो कधी आधी पडेल, कधी शेवटी, म्हणून पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्या. तो वेळ गुणिले सर्वांत संथ मॉड्यूलचा वेग म्हणजे वाटेत राहू शकणारे चेंडू. त्याहून जास्त जितके असतील तितके एका टोपलीत जाणार, हे गृहीत धरून तिची क्षमता बघा.

ठोकळेबाज :

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी सर्वांना मिरजेत बोलावून आम्ही आपण सांगितलेल्या क्रमानेच मोजण्या केल्या.

फिटरसाहेबांचा तर्क खरा निघाला. चार्जेबल सेलवर पाचव्या मॉड्यूलने मिनिटाला ५४ चेंडू दिले. इतरांचाही वेग कमी झाला होता, पण त्यांच्याकडे मुळातच बरीच सवड होती, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आले नाही. तासगावच्या शिक्षकांनी बादलीतले चेंडू स्वतः मोजले. ते ४२ भरले. बादलीच्या मागच्या बाजूला दोन ठोकळे वजनाला लावून त्यांनी ती ३० वर उलटेल अशी केली. त्यानंतर पिवळ्या चेंडूची सहा फेऱ्यांची सरासरी ४ मिनिटे ४० सेकंद आली, म्हणजे २८० सेकंद. सेकंदाला ०.९ या वेगाने गुणल्यावर वाटेतले चेंडू २५२ येतात. म्हणजे ४०० पैकी १४८ चेंडूंना पंच्याहत्तर चेंडूंच्या टोपलीवाचून जागाच नव्हती! हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वाद तिथेच संपला.

आम्ही शंभर चेंडू काढून घेतले आणि ३०० वर यंत्र सुरू केले. सेल तेच चार्जेबल ठेवले होते. पाचव्या टोपलीत पन्नासच्या मागेपुढे चेंडू राहिले, बादली उलटली की ते थोडे वाढत आणि पुन्हा ओसरत. एक तास दहा मिनिटे एकही चेंडू खाली पडला नाही. त्यानंतर जेवणासाठी आम्हीच यंत्र थांबविले. गंमत अशी की चेंडू कमी केल्यावरही यंत्र कोठे रिकामे वाटले नाही, कारण आधीचे जास्तीचे शंभर चेंडू एकाच ठिकाणी बसून होते.

प्रदर्शनासाठी सेलऐवजी ९ व्होल्टचा ॲडॉप्टर वापरावा, असे काहींचे म्हणणे आहे. चौदा मोटारींना एकच ॲडॉप्टर चालेल का? आणि नवव्या मॉड्यूलमधील साखळीचे उचलयंत्र अधूनमधून एक दाता सोडून उडी मारते, त्याबद्दलही कोणी सांगू शकेल का?

कुपवाडचा फिटर :

एकच ॲडॉप्टर घेऊ नका. बारीक तारांतून लांबवर वीज नेली की शेवटच्या मोटारीपर्यंत व्होल्टेज उतरते आणि आपण पुन्हा पहिल्याच अडचणीत याल. तीन-चार मॉड्यूलना एक, असे चार ॲडॉप्टर करा. प्रत्येक मोटार ओझ्याखाली किती करंट घेते ते मल्टिमीटरने मोजा, त्या गटाची बेरीज करा आणि तिच्या दीडपट क्षमतेचा ॲडॉप्टर आणा. वीज गेली तर यंत्र जागच्या जागी थांबेल आणि आली की पुढे चालू लागेल, त्याची काळजी नको. पण जिथे उचललेला चेंडू किंवा बादली वजनाने उलट फिरू शकते, तिथे वर्म गियर (स्क्रूसारख्या आट्यांचे गियर) असल्याची खात्री करा. चाकाने वर्म गियर फिरत नाही, म्हणून ओझे आपोआप अडून राहते.

ॲडॉप्टर सेलसारखा दमत नाही, त्यामुळे चेंडू अडकला तर मोटार जोर लावतच राहील आणि तापेल. लेगोचे २४ दात्यांचे क्लच गियर यासाठीच असते, त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असा आकडा छापलेला असतो, आणि तेवढ्या जोरापलीकडे ते आतल्या आत घसरते. प्रत्येक उचलयंत्रात एक तरी बसवा.

साखळी उडी मारते, कारण ती बहुधा सैल आहे. एक कडी कमी करून पाहा. कमी केल्यावर फार ताणली जात असेल, तर कडी परत घाला आणि सैल बाजूला एक छोटे मोकळे चाक दाबून बसवा.

ठोकळेबाज :

कडी कमी केल्यावर साखळी ताठ होऊन मोटार कण्हू लागली, म्हणून मोकळ्या चाकाचा उपाय केला. काल संध्याकाळी वीस मिनिटांत ती एकदाच उडाली. आधी ती मिनिटाला एकदा उडत असे. चार ॲडॉप्टर शनिवारी आणतो आहोत. ते जोडल्यावर सर्व मॉड्यूलचा वेग पुन्हा मोजून, आता सर्वांत संथ कोणते ठरते आणि चेंडू किती ठेवावे लागतात, ते याच धाग्यावर लिहितो.