ॲडेनियमचा बुंधा मऊ पडलाय, काय करू? अर्जंट!!

घाईत_आहे: माझ्या ॲडेनियमचा खालचा फुगीर भाग मऊ लागतोय आणि पानं पिवळी पडून गळतायत. एकदम मस्त झाड होतं हो. काय करू? लवकर सांगा, रात्री झोप नाही.

खडीवाला: पावसाळा + ॲडेनियम = सडलं. डोळे झाकून सांगतो. आत्ताच्या आत्ता कुंडीतून काढा, मुळं धुवा, चाकू तापवून सडका भाग पांढरं निरोगी लाकूड दिसेपर्यंत कापा, ‘साफ’ नावाची बुरशीनाशक पावडर लावा, आठवडाभर सावलीत वाळवा. मातीत निम्मी जाड वाळू, विटांचे तुकडे. दरवर्षी हेच करतो मी.

नर्मदाकाकू: साफ कशाला, हळद लाव बाळा. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, विषारी असतो.

खडीवाला: काकू हळदीने बुरशी जात असती तर बुरशीनाशकाच्या कंपन्या बंद पडल्या असत्या.

नर्मदाकाकू: माझी सात कुंड्यांतली झाडं हळदीवरच आहेत. तुझी दरवर्षी का सडतात मग?

पानगळ: भांडा नंतर. घाईत, कुठे राहता, पाणी किती, कुंडीला भोक आहे का, ऊन किती? आणि मऊ म्हणजे एकाच जागी की सगळीकडे?

घाईत_आहे: भोक आहे. पाणी अजिबात घालत नाहीये, जूनपासून, सगळे म्हणतात ना पावसाळ्यात घालू नका. ऊन नाहीच, नुसतं धुकं. सलालाहला असतो.

खडीवाला: सलालाह म्हणजे ओमान?? हे आधी नाही का सांगायचं!

घाईत_आहे: त्याने काय फरक पडतो? पावसाळा तो पावसाळा.

पानगळ: फरक पडतो. तुमच्याकडचा खरीफ (तिथला पावसाळा) म्हणजे भुरभुर आणि धुकं, आपल्या कोकणासारखा धो धो नाही. आणि अहो, ॲडेनियम तर तुमच्या धोफारच्या डोंगरांत खडकांच्या फटीत जंगली उगवतं! सेनेगलपासून सोमालियापर्यंत, मग येमेन, ओमान. पाऊस आला की पितं, बुंध्यात साठवतं, कोरड्या दिवसांत पानं टाकून गप्प बसतं. तुमची कुंडी बाल्कनीत छपराखाली आहे का?

जुनी_पोथी: फोर्सकोल नावाच्या माणसाने येमेनमध्ये हे नोंदवलं, तिथेच १७६३ ला मलेरियाने गेला बिचारा, पुस्तक १७७५ ला आलं. त्याने याला कण्हेरीच्या वंशात टाकलं होतं. कूळ आजही तेच, कण्हेर, चाफा, सदाफुली सगळी भावंडं.

सातारी: म्हणूनच कण्हेरीवर कलम करतात. माझ्याकडे तसं आहे, फुलं छान येतात.

खडीवाला: फुलं येतील पण फुगीर बुंधा येणार नाही, तो बियांपासून केलेल्या झाडालाच धरतो नीट.

सातारी: बुंधा काय खायचाय का?

घाईत_आहे: अहो माझं झाड मरतंय!! हो, छपराखाली आहे, माती कोरडी ठणठणीत. बुंधा सगळीकडून सारखाच मऊ, जरा सुरकुतलाय. वास नाही, काळा डागही नाही.

पानगळ: मग कापू नका!! सडलं की एका जागी चिखलासारखं लागतं, तपकिरी पाणी सुटतं, वास येतो. सगळीकडून सारखं मऊ आणि सुरकुतलेलं म्हणजे बहुतेक तहान. धुकं कितीही असो, छपराखालच्या मातीत ते उतरत नाही. नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर एकदा भोकातून निथळेपर्यंत पाणी घाला, बशीत साचू देऊ नका. चार-सहा दिवसांत कडक व्हायला लागलं तर झालं. नाही झालं तरच काढून मुळं बघा. मिळेल त्या जास्तीत जास्त उजेडात ठेवा, खत आत्ता नको.

खडीवाला: मी तरी एकदा काढून बघितलंच असतं.

घाईत_आहे: हिरवं आहे आत. पाणी घातलं. चाकू गॅसवर ठेवला होता, बंद करतो.

नर्मदाकाकू: खरवडलंस तिथे हळद लाव.

मोगरावेडी: माझ्या मोगऱ्याला कळ्याच येत नाहीयेत, इथेच विचारलं तर चालेल ना?