मदत हवी आहे : लेकीसाठी परवडणारी, खरोखर नैसर्गिक क्रीम कशी ओळखावी?

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. माझी लेक यंदा बारावीला आहे. मैत्रिणीचं ऐकून तिनं गोरं करणारी एक क्रीम लावली. डबीवर ना घटक, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता, फक्त 'हर्बल' एवढाच शब्द. आठ दिवसांत गाल लाल झाले, आग व्हायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी ती तात्काळ बंद करायला लावली. अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड असू शकतं, आणि पाऱ्यानं मूत्रपिंडालाही इजा होते, हे ऐकून माझी झोपच उडाली.

आता घरचं काही करावं म्हटलं, तर मुलतानी मातीनं तिची कोरडी त्वचा अजून ताणते. लिंबू लावून उन्हात गेलं तर डाग पडतात, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात पारा चाळिशीपार!

महिन्याला तीनशे-चारशे रुपयांत बसेल असं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन कुणी वापरलंय का? लेबलवर नेमकं काय बघता? नवी पेठेत किंवा मधला मारुतीजवळ खात्रीचं दुकान असेल तर जरूर सांगा.