अभ्र्यावरचा गरुड आणि मूळ चित्र

शिकारी पक्ष्यांची जुनी चित्रे ट्रे, अभ्रे किंवा कपांवर छापली की मूळ चित्रातले काय उरते, असा प्रश्न पडतो. त्याचे एका चित्रापुरते उत्तर देतो.

अमेरिकी पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन यांनी 1833 मध्ये रंगवलेला सोनेरी गरुड पांढरा ससा घेऊन झेपावताना दिसतो. नीट पाहिले तर गरुडाची एक नखी सशाच्या डोळ्यात रुतलेली आहे. मूळ जलरंगचित्रात खाली दरीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून एक चिमुकला शिकारी सरपटत जातो, आणि तो स्वतः ऑड्युबनच असावा असे मानले जाते. मात्र लंडनमध्ये उत्कीर्णक रॉबर्ट हॅवेल यांनी छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरले तेव्हा ही आकृती गाळली गेली. म्हणजे काटछाट पहिल्या छपाईपासूनच सुरू झाली. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ज्यासाठी ऑड्युबन यांनी जिवंत गरुड विकत घेऊन मारला, त्या चित्रातून मारणाराच नाहीसा झाला.

अभ्र्यावर बहुतेकदा फक्त गरुडाचे डोके घेतात. मग ससाही जातो. हॅवेल यांच्या छापांत रंग हाताने भरलेले असत, तर आजच्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. खरेदी करताना निदान पूर्ण चित्र असलेली वस्तू निवडावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.